साडेएकोणीस वेढे

कालव्याचा पूल ओलांडल्यावर भाऊजी थांबले. त्यांनी आधी मागे बघितलं, मग पुलाखाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे.

"आपण निघालोय हे कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"चप्पल पायात घालेपर्यंत मलाच माहीत नव्हतं, भाऊजी."

"त्याला?" त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांच्या पाठच्या भावाला.

"भाजी आणायला जाते म्हणाले."

"पिशवी कुठाय?"

मी पिशवी वर करून दाखवली.

"येताना खरंच भाजी घ्यायची हं. रिकामी पिशवी दिसली की विचारेल तो."

"घेणारच आहे. मला खोटं पचत नाही."

"म्हणून तर तुला बरोबर घेतलंय," असं म्हणून ते पुन्हा चालायला लागले.

सरळ रस्त्यानं गेलो असतो तर भाऊजींच्या जावयाचं गॅरेज एव्हाना आलं असतं. पण सरळ रस्त्यावर चहाची टपरी होती, टपरीवाला जावयाचा दोस्त होता आणि टपरीवाल्याच्या खिशात फोन होता. त्यामुळे आमची वरात कालव्याच्या काठानं, लाकडाच्या वखारीमागून, धोब्याच्या वाळत घातलेल्या चादरी चुकवत चालली होती. भाऊजींच्या खांद्याला शबनम, तिच्यात टॉर्च, खडू आणि माझ्याच शिवणाच्या डब्यातलं जाड पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. सत्तरी उलटली तरी त्यांची चाल नोकरीतलीच आहे. मी मागे पडत होते. मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, आणि देवाकडे नेमकं काय मागायचं तेच कळत नव्हतं.

भाऊजींनी जन्मभर घरोघर फिरून विजेची मीटरं वाचली. लोक मीटरपाशी काय काय उद्योग करतात ते त्यांच्याकडून ऐकावं. कुणी मीटरवर चुंबक ठेवायचं, कुणी बाजूनं तार काढून घ्यायचं, कुणी शिशाचं सील तोडून मेणानं पुन्हा जोडून ठेवायचं. "ज्या घरात दारातच प्रेमानं पाणी विचारतात, त्या घरात मीटरच्या मागे हात घालून बघायचा," हा त्यांचा नियम. नोकरी संपली, नियम राहिला. अजूनही कुणी जास्त आग्रह केला की त्यांची नजर आपोआप भिंतीकडे जाते. गावभर त्यांना सीलवाले म्हणतात. समोर कुणी म्हणत नाही, मागे सगळे म्हणतात, आणि मागे म्हणतात हे त्यांना पक्कं माहीत आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, "तुझ्या माहेरचं मीटर घराच्या बाहेर आहे की आत?" मी म्हटलं, आत. ते "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मला पुढे बरेच दिवस छळत होता. माझ्या थोरल्या जाऊबाई हसून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. मला तर ह्यांनी मागून-पुढून शिक्का बघूनच घरात घेतलंय." जाऊबाई फार मोकळ्या स्वभावाच्या. दुधाच्या भांड्यावर भाऊजींची पेन्सिलीची खूण असायची तेव्हा त्या दूध काढून तेवढंच पाणी घालून ठेवायच्या आणि भाऊजी दूध पातळ म्हणून दिवसभर गवळ्यावर संशय घेत बसायचे. त्या गेल्यापासून पेन्सिलीची खूण बंद झाली. का, ते मी कधी विचारलं नाही.

आता एवढं वाचून माणूस वाईट वाटेल, म्हणून एक सांगते. मला एकदा न्यूमोनिया झाला होता. घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांवर आणि देवावर हवाला टाकला. भाऊजींनी औषधांच्या पाकिटांवर भिंग धरलं. एका पाकिटावरची तारीख खरवडून वर दुसरी छापली होती. ते तसेच दुकानात गेले आणि तिथंच ठाण मांडून बसले, दुसरं औषध हातात पडेपर्यंत उठले नाहीत. मी बरी झाल्यावर त्यांना म्हटलं, "तुमचा देवावर विश्वास आहे की नाही, भाऊजी?" म्हणाले, "देवावर आहे. मधल्या माणसांवर नाही."

आणि त्या माणसानं जीव लावला तो एका गाडीवर. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, गोल पाठीची, जुन्या बनावटीची ती गाडी त्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली. तेव्हाही आठवडाभर तिच्याखाली झोपून तपासली आणि मग खूश होऊन बाहेर आले. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघून सुद्धा कधी असा चेहरा झाला नाही." खुशीचं कारण गाडीच्या मागच्या भागात होतं. मला ते इतक्यांदा ऐकवलंय की आता मीही सांगू शकते. इंजिनाकडून गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागे जातो, तो शाफ्ट. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो, त्यात शाफ्ट शिरतो. गोळ्यात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली. शाफ्टकडचं छोटं, त्याला दहा दात. चाकांकडचं मोठं, त्याला किती दात आहेत त्यावर सगळा खेळ. या बनावटीच्या गाड्यांत दोनच प्रकार यायचे. बहुतेकांना एक्केचाळीस दात आणि फार थोड्यांना एकोणचाळीस. भाऊजींची गाडी एकोणचाळीसवाली. "दोन दात कमी म्हणजे काय, कळतंय का? लांबच्या रस्त्यावर बाकीच्या गाड्या धापा टाकतात आणि ही गाणं म्हणत जाते." गाडीच्या बॉनेटला, डिकीला, टाकीच्या झाकणाला त्यांनी शिशाची सीलं लावली होती. मागच्या गोळ्याला लावायचं राहिलं. त्याचीच आता हळहळ होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या गोळ्यातून तेल गळायला लागलं. जावयाचं स्वतःचं गॅरेज, मुलगा हाताचा चांगला, घरचा माणूस. तो म्हणाला, "बाबा, मी करून देतो." भाऊजींनी गाडी दिली, म्हणजे रोज संध्याकाळी गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहायच्या अटीवर दिली. मधे दोन दिवस त्यांना ताप आला आणि त्या दोन दिवसांत जावयानं मागचा भाग उघडून, जोडून, गाडी घरी आणून लावली.

ताप उतरल्यावर भाऊजी गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. जेवताना म्हणाले, "आवाज येतोय."

"कसला?"

"मागून. घूं करतेय. आधी करत नव्हती."

दुसऱ्या दिवशी ते गाडीखाली गेले. गोळ्याच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी चकती असते, तिच्यावर दातांचे आकडे ठोकलेले असतात. त्यांच्या चकतीवर दहा आणि एकोणचाळीस असंच होतं. दुसरा कुणी असता तर तिथंच उठला असता. भाऊजी म्हणाले, "बघितलंस? चकती तेवढी माझी ठेवलीय. एक बोल्ट काढला की चकती हातात येते. चोर हुशार आहे."

आत खरंच कोणते दात आहेत ते गोळा न उघडताही कळतं. गाडीचं मागचं चाक हातानं फिरवायचं आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. यासाठी दोन माणसं लागतात, एक चाकाशी आणि एक शाफ्टशी. भाऊजींच्या हिशेबी दुसरं माणूस म्हणजे दुसरी शंका. त्यांनी एकट्यानं करायची युक्ती काढली होती. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, पुढच्या चाकांना विटा लावायच्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडायचा. शाफ्टला दोरा बांधायचा आणि बाहेर येऊन चाक फिरवायचं. शाफ्ट फिरेल तसा दोरा त्याच्यावर गुंडाळला जाणार. मग खाली जाऊन वेढे मोजायचे. एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्या एकीच्या हिशेबात धरतात. म्हणून चाक दहा वेळा फिरवलं तर एकोणचाळीस दातांच्या गोळ्यात शाफ्ट साडेएकोणीस वेळा फिरणार आणि एक्केचाळीसच्या गोळ्यात साडेवीस वेळा.

त्यांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा शाफ्टवर साडेवीस वेढे.

संध्याकाळी लेक आणि जावई आले तेव्हा भाऊजी दारात उभे होते. आत या म्हणालेच नाहीत. "माझा मागचा भाग कुठल्या गाडीला घातलास?" असं सरळच विचारलं. जावई पांढराफटक पडला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी मागे उभी होते, मी तो चेहरा बघितला. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. निर्दोष माणूस चिडतो, भांडतो. हा खाली बघत होता. भाऊजी म्हणाले, "चोर." शेजारच्या दोन खिडक्यांनी ते ऐकलं.

लेक बापावर गेलेली आहे, आवाज चढवत नाही. ती म्हणाली, "बाबा, हा शब्द त्यांच्यासमोर परत घेईपर्यंत मी या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही." आणि नवऱ्याच्या दंडाला धरून गेली.

एरवी ती दर रविवारी यायची. आता रविवारी दुपारी भाऊजी आडवे होत नाहीत, खुर्चीत बसून राहतात. डोळा लागला आणि तेवढ्यात येऊन गेली तर, असं असावं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग परवा वखारवाल्यानं त्यांना सहज सांगितलं की जावयाच्या गॅरेजात अगदी तशीच, पण साईच्या रंगाची गाडी आलीय आणि तिचंही मागचंच काम चाललंय. भाऊजींचे डोळे चमकले. त्यांचा गोळा त्या गाडीत असणार. तिच्यात साडेएकोणीस वेढे आले की चोरी शाबीत. म्हणून आज ही पायपीट. मला नेलं ते साक्षीदार म्हणून. चालताना माझ्या मनात एकच घोळत होतं. वेढे यांच्या मनासारखे निघाले तर पोरीच्या संसाराचं काय, आणि नाही निघाले तर हा माणूस मान खाली घालायला कुठून शिकणार.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं.

"दुपारची वेळ आणि शटर अर्धं," भाऊजी कुजबुजले.

"ऊन येत असेल."

"ऊन दुसऱ्या बाजूला आहे."

ते खरंच दुसऱ्या बाजूला होतं. आम्ही वाकून आत गेलो. आत अंधूक, आणि गिअरच्या तेलाचा तो उग्र वास, सडक्या अंड्यासारखा. साईच्या रंगाची गाडी मधोमध उभी होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी आमची लेक एका टपात नटबोल्ट धूत होती. आम्हाला बघून तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर हातातला ब्रश टाकून शेजारच्या फळीवरच्या वस्तूंवर गोणपाट ओढलं.

भाऊजींनी ते बघितलं. मी बघितलं. आम्ही दोघांनी बघितलं हे तिनंही बघितलं.

"काकू, तुम्ही?" ती माझ्याशी बोलली. "बसा. पाणी देऊ?"

मी मनात म्हटलं, पोरी, दुसरं काहीही विचारायचं होतंस. भाऊजींची नजर सरळ भिंतीकडे गेली.

"पाणी नको. तो कुठाय?"

"सामान आणायला गेलेत. येतील."

"शटर का पाडलंय?"

"वर जात नाही. अडकलंय. ओढून बघा हवं तर."

भाऊजींनी ओढून बघितलं. शटर अडकलेलं होतं. त्यांनी वरची पट्टीसुद्धा टॉर्च मारून तपासली, मुद्दाम अडकवलंय का म्हणून.

"आणि गोणपाटाखाली?"

तिनं गोणपाटाचं टोक आणखी खाली ओढलं. मग म्हणाली, "ते तुमच्यासाठी नाही. तुम्ही आलात कशाला ते सांगा."

"ही गाडी मोजायला."

मला वाटलं आता भडका उडणार. तिनं हात फडक्याला पुसले. "मोजा ना. गिऱ्हाइकाला मी सांगेन, तपासणी फुकट झाली. फक्त एक. साडेएकोणीस आले तर मी तुमच्या मागून घरी येते, त्यांच्याशी काय ते नंतर बघेन. नाही आले, तर ते परत आल्यावर तुम्ही इथं, याच जागी, शब्द परत घ्यायचा. काकू, ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.

भाऊजींनी "मंजूर" वगैरे काही म्हटलं नाही. पायजमा वर खोचला आणि गाडीखाली सरकले. आधी चकती बघितली. "दहा, एक्केचाळीस," ते खालून म्हणाले. "असणारच. तिथली इकडे, इकडची तिकडे."

"चकती खरी बोलली तरी गुन्हा, खोटी बोलली तरी गुन्हा," लेक म्हणाली. "तिनं करावं काय?"

त्यांनी शाफ्टला दोरा बांधला, रीळ खाली एका खिळ्यावर फिरतं ठेवलं. मागचं उजवं चाक उचललं होतं. चाकावर आणि वरच्या पत्र्यावर त्यांनी खडूच्या खुणा केल्या, समोरासमोर. मला म्हणाले, "तू चाक फिरव. खूण खुणेसमोर आली की एक. दहा झाले की थांब. घाई नको, झटका नको." स्वतः माझ्या डोक्याशी उभे राहिले, मी फेरी चोरते की काय ते बघायला. लेक पलीकडच्या बाजूला गेली. तिकडून तिनं काय केलं ते मला दिसत नव्हतं.

मी चाक फिरवत होते. जड होतं, आतून मऊ खर्रखर्र येत होती. दहा झाले. मी हात सोडले. भाऊजी खाली गेले. टॉर्चच्या उजेडात नखानं एकेक वेढा टिपत त्यांनी मोजले.

"किती?" मीच विचारलं.

"साडेएकवीस."

"म्हणजे?"

मग हळूहळू त्यांचं डोकं बाहेर आलं, कपाळाला तेलाचा पट्टा. "म्हणजे मोठ्याला त्रेचाळीस दात. कंपनीनं या गाडीला त्रेचाळीस कधी घातलेच नाहीत." ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत एक नवीनच संशय उजळत चालला होता. "याचा अर्थ त्यानं तिसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा..."

"साडेवीस," पलीकडून लेक म्हणाली.

"काय?"

"साडेवीस आहेत. मी इकडून शाफ्टवर खडूची रेघ मारली होती. काकू चाक फिरवत होत्या तेव्हा मी मोजत होते, डोळ्यांनी. वीस आणि अर्धा."

"तू चुकलीस."

"बरं. परत करा."

परत केलं. दोरा सोडून, पुन्हा बांधून. या वेळी मी फेऱ्या मोठ्यानं म्हटल्या. लेकीचे पुन्हा साडेवीस. बापाचे पुन्हा साडेएकवीस. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते, एकसारखे, एकाच नाकाचे.

"एकतर माझे डोळे खोटे नाहीतर तुमचा दोरा खोटा," ती म्हणाली.

"दोरा कसा खोटा असेल? दोऱ्याला काय पडलंय?"

"मग सोडा तो माझ्यासमोर. एकेक वेढा. मोठ्यानं."

भाऊजी आडवे झाले. मीही गुडघ्यांवर बसून मान घातली. त्यांनी रिळाकडचं टोक धरून दोरा उलगडायला सुरुवात केली. शाफ्ट तसाच, दोरा त्याच्याभोवतीनं फिरवून काढायचा. एक. दोन. तीन. मी विणकाम करते, दोऱ्याचं काम सावकाशच चालतं हे मला माहीत आहे, तरी मला धीर निघेना. अठरा. एकोणीस. वीस. त्यांनी आणखी अर्धा वेढा काढला आणि दोरा ताणला गेला. पुढे येईना.

शाफ्टवर अजून एक वेढा होता. तो गाठीचा. चाक फिरवायच्या आधी दोरा बांधताना त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेला.

भाऊजींनी दोरा पुन्हा ओढून बघितला. गाठ आपल्या जागी पक्की होती. त्यांचीच गाठ, सुटेल कशी. मला एकदम त्यांचे ते घरचे तीन प्रयोग आठवले. तीनदा दोरा बांधला होता, तीनदा गाठीचा वेढा घातला होता आणि तीनदा तो मोजला होता. साडेवीसातून एक गेला की राहिले साडेएकोणीस. त्यांचा गोळा त्यांच्याच गाडीत होता. कुठेही गेला नव्हता.

मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "सुतावरून स्वर्ग गाठतात ऐकलं होतं. तुम्ही सुतावरून तुरुंग गाठलात, बाबा." हसून म्हणाली नाही. आणि तोंड फिरवून टपातले बोल्ट पुन्हा धुवायला लागली.

भाऊजी बाहेर आले. एका उलट्या डब्यावर बसले. मला वाटलं, झालं, संपलं. पण संशय अंगात मुरलेला असला की एका वेढ्यानं उतरत नाही. ते खाली बघतच म्हणाले, "मग आवाज कसला येतोय? आणि त्या दिवशी तो खाली का बघत होता?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता.

लेकीनं ब्रश ठेवला. फळीपाशी गेली आणि गोणपाट ओढून काढलं. खाली एक जुनं बेअरिंग होतं, एक नवं, आणि कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्यांची ओळ, प्रत्येकीखाली पेन्सिलीनं जाडी लिहिलेली.

"तुमचं बेअरिंग गेलं होतं. त्यांनी नवं घातलं. नवं घातलं की दोन दातेरी चाकांमधली फट या चकत्या घालून परत बसवावी लागते. ती केसभर चुकली. गाडी घरी आणतानाच त्यांना घूं ऐकू आलं. त्या रात्री ते जेवले नाहीत."

"मग सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? गिऱ्हाइकाला ते दारातच सांगतात, चुकलं, परत आणा. तुम्हाला सांगितलं असतं, माझ्या हातून मागच्या भागात चूक झालीय, गाडी परत द्या. तुम्ही काय म्हणाला असतात?"

भाऊजींनी तेलकट हात पायजम्याला पुसले.

"म्हणाला असतात, आत काय बदललंस," ती म्हणाली. "ते घाबरले. म्हणाले, बरोबर जाडीची चकती मिळाली की बाबांना कळायच्या आत गुपचूप बसवून टाकू. तेव्हापासून दुकानं पालथी घालतायत. आत्ताही त्यासाठीच गेलेत. आणि तुम्ही दारात उभं राहून विचारलंत ते नेमकं मागच्याच भागाचं. त्यांना वाटलं, तुम्हाला कळलं. चोरीचं नाही, चुकीचं. तोंडातून शब्द फुटला नाही त्यांच्या."

मी खाली बघितलं. मनातल्या मनात हात जोडले. त्या मुलाचा पांढरा चेहरा मीही चोराचा म्हणून वाचला होता, आणि मीटर वाचणं काही माझा धंदा नव्हता.

भाऊजी उठले. फळीपाशी गेले. एक चकती उचलून दोन बोटांत धरली, दुसरी धरली, उजेडाकडे नेली. सवयीनं मागून-पुढून बघितली. मग जिथली तिथं, तिच्या पेन्सिलीच्या आकड्यावर नीट ठेवली.

"जाडी मोजतो कशानं?" त्यांनी विचारलं.

"मायक्रोमीटर आहे."

"कुणी सोबतीला असतं? मोजायला?"

"मी असते."

"दोघं मोजता?"

"दोघं. एकानं मोजलं की दुसरा परत मोजतो. जुळलं तरच लिहायचं."

भाऊजींनी मान हलवली. असं करता येतं हे जणू त्यांना आजच कळत होतं. शेजारच्या माठातलं पाणी त्यांनी स्वतःच पेल्यात ओतून घेतलं आणि उभ्यानंच प्यायले. लेक बघत होती. तिनं पेला त्यांच्या हातातून घेतला, विसळला आणि पालथा घातला. एवढंच. घरी येते म्हणाली नाही. अजून अट पुरी व्हायची होती आणि ती बापाचीच लेक, अटीत एका केसाची सूट देणारी नव्हे.

मी म्हटलं, "मी बाहेर थांबू का? घरच्या माणसांचं बोलणं..."

"तुम्ही कुठल्या परक्या, काकू," लेक म्हणाली. "साक्षीदार म्हणून आणलंय ना तुम्हाला? मग शेवटपर्यंत थांबा."

गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा आवाज आला. लेक ताठ झाली. स्कूटर दारापाशी येऊन थांबली, स्टँड लावल्याचा आवाज आला आणि अर्ध्या शटरखाली जावयाच्या चपला दिसल्या. त्या चपला तिथंच थबकल्या. आत कोण आहे ते त्यानं पायांवरूनच ओळखलं असावं.

भाऊजींनी कपाळावरचा तेलाचा पट्टा बाहीनं पुसला, तो आणखी पसरला. ते माझ्या अगदी जवळ आले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

"धाकटे, मी आता त्याची माफी मागणार आहे. सरळ मागेन. फक्त एक कर. बोलता बोलता माझ्या तोंडून 'पण' आलं, तर तिथंच मला अडव."